विश्लेषण : स्लॅबची नोंद राहते, मजुराची का नाही? बांधकामावरचे काम, त्यातले धोके आणि ९० दिवसांच्या दाखल्याचा पेच

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये झालेला स्वतंत्र कायदाही त्यात सामावला गेला. नियुक्तीपत्र, वेळेवर वेतन, आरोग्य तपासणी असे बरेच काही कागदावर आले आहे. पण ज्या माणसासाठी हे सगळे आहे, तो सकाळी आठ वाजता मजूर अड्ड्यावर किंवा पत्र्याच्या शेडसमोर उभा असतो आणि आज आपण कोणासाठी काम करणार, हे अनेकदा त्यालाच ठाऊक नसते. बांधकामावरची मजुरी म्हणजे नेमके काय काम, त्यात शरीराचे काय होते, पैसे कसे मिळतात आणि हक्काचा लाभ नेमका कुठे अडतो, हे समजून घेऊया.

बांधकाम मजूर म्हणजे नेमके कोण?

बाहेरून पाहणाऱ्याला सगळे सारखेच दिसतात, पण साइटवर कामाची उतरंड पक्की असते. गवंडी वीटकाम आणि प्लास्टर करतो. सेंट्रिंगवाले स्लॅब आणि बीमसाठी फळ्या, प्लेट आणि टेकू लावतात. सळईचे काम करणारे फिटर सळया कापतात, वाकवतात आणि तारेने बांधतात. त्याशिवाय टाइल्स, रंगकाम, प्लंबिंग आणि वायरिंगचे कारागीर असतात.

या सगळ्यांच्या हाताखाली असतो तो बिगारी. माल कालवणे, विटा वाहणे, खडी-रेती चाळणे, खोदाई, राडारोडा उचलणे, झालेल्या कामावर पाणी मारणे ही सगळी कामे त्याची. पुरुष बिगारी चार-पाच वर्षांत थापी हातात घेऊन गवंडी होऊ शकतो. महिला मात्र वीस वर्षे काम करूनही बहुतेक वेळा बिगारीच राहते. ओळंबा आणि थापी तिच्या हातात फारशी कोणी देत नाही, त्यामुळे तिची मजुरीही शेवटपर्यंत खालच्या दरातच अडकते.

महाराष्ट्रातल्या शहरांत हे मजूर दोन वाटांनी येतात. पहिली वाट मजूर अड्ड्याची, ज्याला मुंबईत नाका म्हणतात. पुण्यात वारजे, कात्रज, पिंपरी-चिंचवडमध्ये डांगे चौक अशा ठिकाणी रोज सकाळी ही गर्दी दिसते. मराठवाडा, विदर्भ, उत्तर कर्नाटक इथून आलेली आणि आता शहरातच वस्ती करून राहिलेली कुटुंबे इथे जास्त. त्यांना छोटी कामे मिळतात. दुसरी वाट मुकादमाची. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेश, ओडिशा, छत्तीसगड इथून मुकादम माणसे आणतो आणि ती मोठ्या प्रकल्पाच्या लेबर कॅम्पमध्ये राहतात.

कामाचा दिवस कसा असतो?

अड्ड्यावरचा मजूर सकाळी सात-साडेसातला डबा घेऊन येतो. दहापर्यंत कोणी नेले नाही, तर त्या दिवसाचा खाडा. काम मिळाले तर नऊ ते सहा, मध्ये तासभर जेवण. कॅम्पमधला मजूर जागेवरच असतो, त्यामुळे त्याची हजेरी लवकर लागते.

स्लॅबच्या दिवशी मात्र घड्याळ चालत नाही. काँक्रीट ओतायला सुरुवात केली की मध्येच थांबता येत नाही. आधीचा थर घट्ट झाल्यावर त्यावर नवा थर टाकला, तर दोन्ही नीट एकजीव होत नाहीत. साइटवर याला ‘कोल्ड जॉइंट’ म्हणतात आणि तिथून पुढे गळती सुरू होते. म्हणून स्लॅब संपेपर्यंत काम चालते, मग रात्रीचे अकरा वाजोत की दोन. जास्तीच्या तासांना दुप्पट दराने पैसे द्यावेत, असे १९९६ चा कायदाही सांगत होता आणि नवी संहिताही सांगते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ‘दीड हजेरी’ किंवा ‘दोन हजेरी’ असा तोंडी हिशेब होतो आणि सोबत वडापाव किंवा जेवण दिले जाते.

डोक्यावरून किती वजन जाते?

याचा हिशेब सोपा आहे. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब घेतला, तर त्यात जवळपास पावणेबारा घनमीटर काँक्रीट लागते. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलो असते. म्हणजे फक्त एका स्लॅबचे काँक्रीट २८ टनांच्या आसपास. मोठ्या प्रकल्पांवर ते पंपाने वर चढते. पण बंगला, छोटी इमारत किंवा गावातले घर असेल तर ते आजही घमेल्यांतून जाते. एका घमेल्यात १५ किलो माल धरला, तरी सुमारे १,९०० घमेली होतात. प्रत्येक घमेले भरायचे, उचलायचे, हातोहात पुढे द्यायचे आणि रिकामे करून परत आणायचे.

सिमेंटची गोणी ५० किलोची असते. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत एका प्रौढ पुरुषाने ५५ किलो आणि महिलेने ३० किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, अशी मर्यादा होती. लाल वीट साधारण अडीच ते तीन किलोची. डोक्यावर बारा विटा रचल्या की महिलेसाठीची मर्यादा गाठली जाते किंवा ओलांडली जाते. साइटवर कोणी वजनकाटा घेऊन उभे नसते. ‘एका खेपेला इतक्या विटा’ हे मुकादम ठरवतो.

वजनाखेरीज आणखी गोष्टी आहेत, ज्या लगेच दिसत नाहीत. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. त्यात हात-पाय बराच वेळ राहिले की कातडी फाटते, जखमा होतात आणि काहींना कायमची ॲलर्जी जडते. टाइल्स, ग्रॅनाइट कापताना किंवा भिंत फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि त्यावर पूर्ण बरे करणारा उपचार नाही. कटरला पाण्याची धार लावली तर धूळ बरीच कमी उडते. पण पाण्याने चिखल होतो आणि कामाचा वेग मंदावतो, म्हणून तोंडाला रुमाल बांधून कोरडेच कापले जाते.

धोका फक्त उंचीवर असतो का?

परांचीवरून पडणे हा सर्वांत ओळखीचा धोका. हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, जाळी यांची चर्चा त्यामुळेच होते. जुलै २०१६ मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे बांधकाम सुरू असलेल्या इमारतीचा वरच्या मजल्यावरील स्लॅब कोसळून नऊ मजुरांचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवडा शास्त्रीनगरात सळयांची जाळी कोसळून पाच जण गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यातील बाळकुम येथे इमारतीची लिफ्ट कोसळून सात मजूर मृत्युमुखी पडले. त्याच्या महिनाभर आधी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर गर्डर उभारणीचे यंत्र कोसळून २० जणांचा बळी गेला.

पण दोन घटना वेगळे काही सांगतात. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यातील कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. त्यात मुलांसह १५ जणांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोसरीतील लेबर कॅम्पमध्ये तात्पुरती उभारलेली पाण्याची टाकी कोसळून पाच मजूर गेले. दोन्ही वेळी मजूर कामावर नव्हते. एका ठिकाणी ते झोपले होते, दुसऱ्या ठिकाणी सकाळच्या आवराआवरीसाठी टाकीजवळ जमले होते.

इमारतीचा प्रत्येक खांब स्ट्रक्चरल इंजिनीअर तपासतो, महापालिकेकडे त्याचे नकाशे जातात. मजुरांची खोली मात्र ‘तात्पुरती’ असते. ती कुठे बांधायची, तिच्या मागच्या भिंतीची स्थिती काय, पाण्याची टाकी कशावर उभी करायची, याचे डिझाइन बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. एखाद्या मोठ्या प्रकल्पात ही ‘तात्पुरती’ वस्ती चार-पाच वर्षे असते. मजुरांना मोफत तात्पुरता निवारा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह देण्याची तरतूद १९९६ च्या कायद्यात होती. ५० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर हवे, असेही त्यात होते. किती साइटवर पाळणाघर दिसते, हे वाचकांनी आपल्या शेजारच्या साइटवर स्वतःच पाहावे.

मजुरी हातात कशी पडते?

अड्ड्यावरच्या मजुराला शक्यतो त्याच दिवशी संध्याकाळी पैसे मिळतात. काम दोन-तीन दिवसांचे असेल तर ‘शेवटी एकदम देतो’ असे सांगितले जाते आणि तिथेच पैसे बुडण्याची शक्यता असते. घराचा पत्ता माहीत असतो, पण ठेकेदाराचे पूर्ण नाव माहीत नसते.

कॅम्पमधल्या मजुराची पद्धत वेगळी. गावाहून निघतानाच काही रक्कम उचल म्हणून मिळालेली असते. मग दर आठवड्याला किराण्यापुरती ‘खर्ची’ मिळते. उरलेला हिशेब गावी जाताना किंवा काम संपल्यावर. समजा हजेरी ७०० रुपये आहे आणि महिन्यात २५ दिवस भरले, तर १७,५०० रुपये झाले. त्यातून आठवड्याला १,५०० प्रमाणे चार आठवड्यांची ६,००० खर्ची गेली. उरलेले ११,५०० मुकादमाकडे. सहा महिन्यांत ही रक्कम ६९,००० होते आणि तिची नोंद फक्त मुकादमाच्या वहीत असते.

कायदा काय म्हणतो? वेतन संहितेनुसार रोजंदारीवरच्या माणसाला पाळी संपताना, आठवड्याच्या हिशेबावर असलेल्याला आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि महिन्यावर असलेल्याला पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पैसे मिळायला हवेत. काम सोडले किंवा काढून टाकले तर दोन कामाच्या दिवसांत. म्हणजे सहा महिने पैसे अडकवून ठेवणारी खर्चीची पद्धत या चौकटीत बसतच नाही. तरीही ती टिकून आहे, कारण त्या अडकलेल्या पैशांमुळेच मजूर काम अर्धवट सोडून जात नाही.

मग मालक नेमका कोण?

इथे खरा पेच सुरू होतो. वर विकासक असतो. त्याने बांधकाम एका मुख्य कंत्राटदाराला दिलेले असते. तो सेंट्रिंग एकाला, सळई दुसऱ्याला, वीटकाम-प्लास्टर तिसऱ्याला देतो. हे उपकंत्राटदार चौरस फुटावर किंवा टनावर दर ठरवतात आणि माणसे मुकादमाकडून घेतात. मजूर ओळखतो फक्त मुकादमाला. मुकादमाकडे ना कार्यालय, ना लेटरहेड, ना परवाना.

इंजिनीअरिंग करताना पुण्याजवळच्या एका साइटवर मी दोन महिने इंटर्नशिप केली. तिथे माझे काम होते काँक्रीटच्या ठोकळ्यांची नोंद ठेवण्याचे. प्रत्येक स्लॅबच्या वेळी १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरायचे, त्यांच्यावर क्रमांक आणि तारीख टाकायची. ते सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली फोडायचे आणि किती भार सहन केला, ते रजिस्टरमध्ये लिहायचे. कोणत्या तारखेला, कोणत्या मजल्यावर, कोणत्या गाडीतले काँक्रीट पडले, हे आजही त्या रजिस्टरवरून सांगता येईल.

त्याच टेबलावर रोजचा प्रगती अहवालही असायचा. त्यात मजुरांसाठी एक रकाना होता: गवंडी ६, पुरुष बिगारी १२, महिला बिगारी ८. नुसते आकडे, नावे नाहीत. तो अहवाल मीच भरायचो आणि तेव्हा त्यात मला काही चुकीचे वाटले नव्हते. त्या इमारतीवर सलग वर्षभर काम केलेल्या एखाद्या महिलेने आज ‘मी इथे होते’ असे सिद्ध करायचे ठरवले, तर तिला त्या कार्यालयात स्वतःच्या नावाचा एकही कागद सापडणार नाही. ठोकळ्याचा मात्र सापडेल.

बांधकाम कामगारांसाठी पैसा कुठून येतो?

१९९६ मध्ये दोन कायदे झाले. एक कामगारांच्या नोकरी आणि सुरक्षेचा, दुसरा उपकराचा. बांधकामाच्या खर्चावर (जमिनीची किंमत वगळून) एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा करायचा, अशी ही रचना. २० कोटी रुपये बांधकाम खर्चाच्या इमारतीमागे २० लाख रुपये मजुरांच्या कल्याणासाठी जातात. स्थानिक संस्था बांधकाम परवानगीच्या टप्प्यावरच तो वसूल करते, त्यामुळे पैसे जमा होण्यात फार अडचण येत नाही.

अडचण खर्चात आहे. या कायद्यांच्या अंमलबजावणीसाठी २००६ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका चालली. मार्च २०१८ च्या निकालात न्यायालयाने नोंदवले, की देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला, पण वापरले गेले सुमारे ९,५०० कोटी. निधीतून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन खरेदी झाल्याचेही याच प्रकरणात समोर आले होते.

महाराष्ट्रात मंडळाच्या योजनांची यादी मोठी आहे. नोंदीत कामगाराच्या मुलांना पहिलीपासून पदवी, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणापर्यंत वार्षिक मदत, प्रसूतीसाठी सहाय्य, सुरक्षा संच, गृहोपयोगी वस्तूंचा संच, कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख आणि नैसर्गिक मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये. २०२५ मध्ये राज्याने साठीनंतर निवृत्तिवेतनाची योजनाही आणली. त्यात मंडळाकडे नोंदणीची दहा वर्षे पूर्ण असल्यास वर्षाला ६,००० आणि वीस वर्षे असल्यास १२,००० रुपये मिळतील.

हे सगळे ‘नोंदीत’ कामगारासाठी आहे. २०२० च्या टाळेबंदीत राज्याने बांधकाम कामगारांच्या खात्यात दोन हजार रुपये टाकले, तेही नोंदीत कामगारांच्याच. पायी गावाकडे निघालेल्यांपैकी ज्यांची नोंदणी नव्हती, त्यांना ते मिळाले नाहीत.

९० दिवसांचा दाखला का अडतो?

नोंदणीसाठी वय १८ ते ६० हवे आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. आधार, फोटो, बँक खाते हे बहुतेकांकडे असते. दाखला नसतो.

दाखला कंत्राटदाराने द्यायचा. पण मजूर ज्याला ओळखतो तो मुकादम नोंदणीकृत कंत्राटदार नाही. वरचा कंत्राटदार मजुराला ओळखत नाही. शिवाय ‘हा माणूस माझ्याकडे ९० दिवस होता’ असे लिहून देणे म्हणजे भविष्य निर्वाह निधी, विमा, किमान वेतन यांची जबाबदारी स्वतःवर ओढवून घेणे, अशी भीती असते. म्हणून तो सही टाळतो.

दुसरा पर्याय ग्रामपंचायत क्षेत्रात ग्रामसेवक आणि शहरात महापालिकेचा प्राधिकृत अधिकारी. त्यांचीही अडचण खरी आहे. ज्या माणसाला त्यांनी काम करताना पाहिलेले नाही, त्याच्या ९० दिवसांवर सही कशी करायची? उद्या चौकशी झाली तर जबाबदार तेच.

या पोकळीत दलाल शिरले. पैसे घेऊन दाखला मिळवून देणारे निघाले आणि कधी वीट न उचललेल्यांची नावेही यादीत गेली. अशा बोगस नोंदण्यांच्या तक्रारी वाढल्या की तपासणी कडक होते, कागद वाढतात. त्याचा फटका पुन्हा खऱ्या मजुरालाच बसतो, कारण बोगस माणसाकडे कागद तयार असतात आणि खऱ्या मजुराकडे फक्त तळहातावरचे घट्टे. त्यात नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण, त्यासाठी पुन्हा ९० दिवसांचा दाखला आणि सुविधा केंद्रावर जायचे म्हणजे त्या दिवसाचा खाडा. मधली दोन-तीन वर्षे नूतनीकरण राहिले, तर निवृत्तिवेतनासाठीची वर्षे कशी मोजायची, हा पुढचा प्रश्न.

अपघात झाला तर किती भरपाई मिळायला हवी?

इथेही नोंद नसण्याची किंमत आकड्यात मोजता येते. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या सूत्रानुसार कामावर मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वय ३० असेल तर गुणक २०७.९८. जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये होती. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८. रक्कम होते १५,५९,८५० रुपये. मजूर कंत्राटदाराकडचा असला, तरी मुख्य नियोक्त्याकडून ही भरपाई मागता येते. मंडळाचे पाच लाख यापेक्षा वेगळे.

मजुरांच्या हक्कांचा हा आकडा कुटुंबापर्यंत अनेकदा पोहोचत नाही. परराज्यातून आलेले नातेवाईक मृतदेह गावी नेण्याच्या घाईत असतात. तिथेच अंत्यविधी आणि प्रवासाचा खर्च धरून काही रक्कम दिली जाते, कागदावर अंगठा घेतला जातो आणि विषय संपतो. नंतर दावा करायचा म्हटले, तर पहिला प्रश्न येतो: तो इथे कामाला होता याचा पुरावा काय?

नव्या संहितांनी काय बदलले?

काही गोष्टी मजुरांच्या बाजूच्या आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे. ४० वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करायची आहे. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध असल्यास, भरपाईस पात्र धरला जातो. दुसऱ्या राज्यात गेलेल्या मजुराला तो जिथे काम करतो त्या राज्याच्या उपकर निधीतून लाभ मिळण्याची तरतूद आहे. स्वतःहून आलेला मजूरही आता आंतरराज्य स्थलांतरित मजुराच्या व्याख्येत बसतो. आधी कंत्राटदाराने आणलेल्यांचाच त्यात विचार होता. कंत्राटदाराने वेतन बुडवले तर ते मुख्य नियोक्त्याने द्यायचे, ही जबाबदारी कायम आहे.

दुसरी बाजूही पाहायला हवी. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी आता ५० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कंत्राटदाराला लागू होतात. ही मर्यादा आधी केंद्रीय कायद्यात २० होती. सेंट्रिंग किंवा प्लास्टरच्या उपकंत्राटदाराकडे पंचवीस-तीस माणसे असतात, म्हणजे तो परवान्याच्या बाहेर राहिला. उपकराचे मूल्यांकन नियोक्त्याने स्वतः करायचे आहे. स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामाला उपकरातून सूट मिळण्याची मर्यादा दहा लाखांवरून ५० लाख रुपये झाली.

शिवाय दहापेक्षा कमी कामगार असलेले बांधकाम व्याख्येतूनच वगळले आहे. अड्ड्यावरचा मजूर बहुतेक दिवस अशाच कामांवर जातो: एका घराचे प्लास्टर, दुसऱ्याच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग, तिसऱ्याची संरक्षक भिंत. त्या दिवसांची गणना ९० मध्ये कशी होणार, याचे स्पष्ट उत्तर नियमांत आणि मंडळाच्या कार्यपद्धतीत असायला हवे. ते नसेल, तर ज्याला सर्वांत जास्त गरज आहे, तोच पुन्हा बाहेर राहील.

उपाय आहे का?

तंत्रज्ञानाच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न अवघड नाही. मोठ्या साइटच्या फाटकावर आज सिमेंटची गाडी किती वाजता आली, याची नोंद होते. त्याच फाटकावर मजुराचा ई-श्रम किंवा मंडळाचा क्रमांक नोंदवला, तर दिवस आपोआप मोजले जातील आणि ९० दिवसांचा दाखला मागण्याची वेळच येणार नाही. उपकर भरताना ‘या बांधकामावर इतके मजूर, त्यांची ही नावे’ अशी यादी जोडणे सक्तीचे केले आणि भोगवटा प्रमाणपत्राशी ती जोडली, तर विकासकालाही ती टाळता येणार नाही. पैसे वसूल करण्यासाठी आपण परवानगीचा टप्पा वापरतो, तसाच नावे मिळवण्यासाठीही तो वापरता येईल. अर्थात, नाव लिहिले की जबाबदारी येते, आणि ती नको असते म्हणूनच आज रकान्यात फक्त आकडा असतो.

छोट्या कामांसाठी उत्तर वेगळे हवे. अड्ड्यावरच नोंदणी कर्मचारी, सकाळी सात ते दहा या वेळेत, म्हणजे खाडा न करता नाव लागेल.

तोपर्यंत मजुराने आणि काम देणाऱ्याने काय करावे?

मजुरांनी किंवा त्यांच्या घरातल्या शिकलेल्या मुलांनी हे जपून ठेवावे:

- रोजच्या हजेरीची स्वतःची वही: तारीख, जागेचा पत्ता, मुकादमाचे नाव, ठरलेला दर, मिळालेली खर्ची.
- साइटवरच्या माहिती फलकाचा मोबाइलवर फोटो. त्यावर विकासकाचे नाव आणि प्रकल्पाची नोंद असते.
- शक्य असेल तेव्हा पैसे बँक खात्यात किंवा यूपीआयने घ्यावेत. तो व्यवहारही पुरावा ठरतो.
- अपघात झाल्यास रुग्णालयात आणि पोलिसांत घटना ‘कामावर असताना’ झाल्याची व जागेच्या पत्त्याची नोंद होते आहे का, हे पाहावे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.
- वेतन बुडाल्यास जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो. वेतन संहितेत दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे.

घराचे काम काढणाऱ्यांनाही एक गोष्ट करता येईल. काम संपल्यावर साध्या कागदावर मजुराचे नाव, कामाच्या तारखा, पत्ता आणि आपली सही असे लिहून द्यावे. तो मंडळाच्या नमुन्यातला दाखला नाही आणि त्यावर लगेच लाभ मिळेल असेही नाही. पण ज्या अधिकाऱ्याला ९० दिवसांवर सही करायची आहे, त्याच्यासमोर ठेवायला मजुराकडे काहीतरी असेल. लिहायला पाच मिनिटे लागतात.